रिपोर्टखालची ती एक ओळ

आमची लॅब २००९ च्या दिवाळीनंतर संगमनेरला सुरू झाली. त्याआधी सहा वर्षं मी माणसांच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासत होतो. जनावरांकडे वळलो ते एका निवृत्त पशुवैद्यकीय डॉक्टरांमुळे. त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो. माझे साठ हजार आणि साहेबांचा जुना सूक्ष्मदर्शक, एवढं भांडवल. भागीदारीचा कागद कधी झालाच नाही, गरजही पडली नाही.

पहिले तीन महिने साहेबांनी मला रिपोर्ट लिहू दिला नाही. काचेवर रक्त पसरायचं, एवढंच काम. पसरलेल्या रक्ताचं टोक पिसासारखं विरत गेलं पाहिजे, जाड झालं की काच फेकायची. मग मिथेनॉल, मग जिम्सा हा रंग. नळाच्या जड पाण्यात रंग बिघडतो, हे कळेपर्यंत माझ्या दीडेकशे काचा वाया गेल्या. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तेव्हापासून कुलपात असतो. पोरं इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततात.

गोचीड ताप म्हणून लोक तीन रोगांना एकच नाव देतात. थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी, ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू. बबेसियात लघवी कॉफीसारखी लाल होते. ॲनाप्लाझ्मात ती लाल होत नाही, पण गाय आधी पांढरीफटक आणि मग पिवळी पडते, शेण घट्ट होतं, रवंथ थांबतं. थायलेरियाचं महागडं इंजेक्शन या जिवाणूवर चालत नाही, त्याला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक लागतं. म्हणून औषधाआधी काच.

काचेवर हा जिवाणू म्हणजे तांबड्या पेशीच्या कडेला बसलेला एक गडद ठिपका. बस. आणि रंगाचा गाळही तसाच दिसतो. २०११ मध्ये मी तिथेच फसलो. पठारावरच्या एका मावशींच्या गाभण गाईला ॲनाप्लाझ्मा लिहून दिला. चार दिवस त्याचेच उपचार चालले आणि गाय गेली. पोटात तार निघाली. साहेबांनी तीच काच पुन्हा लावली आणि सूक्ष्मदर्शकाची बारीक फिरकी जराशी फिरवली. पेशी धूसर झाल्यावर ठिपका स्पष्ट झाला. म्हणजे तो पेशीत नव्हता, वर बसला होता. साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एसटीने मावशींकडे गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. तेव्हापासून रंग गाळल्याशिवाय वापरत नाही.

आता २०१५. हे सविस्तर लिहिणार आहे, कारण आजही लोक मला त्याबद्दल उलटसुलट विचारतात.

चाळीस एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या गाईंचा गोठा. खाली काँक्रीट, भिंतीला दरवर्षी चुना, गोचीड शोधूनही सापडेना. आणि दहा दिवसांत सात गाई तापाने पडल्या. सातही काचांवर ठिपके, फिरकी फिरवून, दोन-दोनदा बघितलेले. मी मालकांना विचारलं, महिन्याभरात काही टोचलं होतं का? साडेतीन-चार आठवड्यांपूर्वी सगळ्या दावणीला एक इंजेक्शन झालं होतं. सुई एक. हा जिवाणू गोचिडाशिवायही जातो. चावणाऱ्या माशीने जातो, शिंगं काढायच्या अवजाराने जातो, रक्ताने माखलेल्या सुईने तर हमखास. अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत लागतात तेवढेच आठवडे झाले होते.

मी रिपोर्टखाली एक ओळ लिहिली : ‘टोचणीसाठी प्रत्येक जनावरास वेगळी सुई वापरली होती का, याची खात्री करावी.’

लॅबने असं लिहायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. साहेब असते तर खोडलं असतं, पण ते आदल्याच वर्षी गेले होते. मालकांनी तो कागद टोचणाऱ्याच्या तोंडावर धरला. आणि आपल्या धंद्यात नमुने पाठवतं कोण? टोचणारेच! पंधरवड्यात माझ्याकडे येणाऱ्या बाटल्या दिवसाला अठरा-वीसवरून एक-दोनवर आल्या.

त्यातच समोरच्या गाळ्यात दुसरी लॅब उघडली. दहा मिनिटांत कार्डवर निकाल, रंगीत प्रिंट, पाठवणाऱ्याला कमिशन. कार्ड वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण त्यावरची रेघ कधीतरी येऊन गेलेल्या रोगाचीही असते, बरी झालेली गाय वर्षानुवर्षं जिवाणू अंगात बाळगते. तिथे सगळ्याच गाईंना गोचीड ताप निघायचा. आणि माझ्या २०११ च्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या काउंटरवर ठेवलेली! ती कुठून मिळाली, हे मला माहीत आहे. लिहीत नाही.

मोटारसायकल विकली, भाडं तीन महिने थकलं. बायकोने शिकवण्या धरल्या. त्या काळात दर पंधरा दिवसांनी पठारावरून एसटीने बाटली यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत. त्याच मावशी. समोरच्याने त्यांना ती झेरॉक्स दाखवली तेव्हा म्हणाल्या, “ती माझीच गाय. मला काय दाखवतो?” नंतर मला म्हणाल्या, “तू घरी येऊन सांगितलंस. बाकीचे बिल धाडतात.”

पुढच्या पावसाळ्यात त्या चाळीस गाईंच्या मालकांनीच त्यांच्या दूध संकलन केंद्रातून नमुने सुरू केले. मग हळूहळू जम बसला. २०२२ ला लम्पी त्वचारोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले तेव्हाही लॅब उघडी होती. बाकी वर्षं गेली तशी गेली. समोरचा गाळा आता मोबाइलचं दुकान आहे.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. गोचीड ओढून जमिनीवर टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, तीही गाईवर नाही, तुमच्या भिंतीच्या फटीत. नुसती गाय फवारून काय होणार? फटी बुजवा. बाजारातून आणलेली गाय धष्टपुष्ट दिसली तरी दावणीला बांधण्याआधी तपासून घ्या. सुईचा बॉक्स किती स्वस्त असतो ते मेडिकलवाल्याला विचारा.

आणि नमुना आणताना जांभळ्या झाकणाची बाटली, सकाळच्या वेळी, टेट्रासायक्लिन टोचण्याआधी. बाटलीवर कानातल्या बिल्ल्याचे बाराही अंक लिहा. ‘काळी गाय’ असं लिहिलेल्या तीन बाटल्या आत्ता फ्रिजमध्ये पडून आहेत, कोणाच्या असतील त्यांनी फोन करावा.