दोन भोकांचं अंतर

दुकान उघडून तासही झाला नव्हता. एक बाई जुनी, काळी, रॉड ब्रेकची सायकल ढकलत घेऊन आल्या. मागचं टायर पार बसलेलं.

"ट्यूबच बदला दादा," त्या म्हणाल्या. "पंक्चर काढून उपयोग नाही. हिची ट्यूब नेहमी व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटते."

'नेहमी' हा शब्द मला टोचला. पंक्चरला ठरलेली जागा नसते. काटा, खिळा, काच, जिथे वाट मिळेल तिथे शिरतात. पण एकच जागा पुन्हा पुन्हा जात असेल, तर ट्यूब बदलण्याआधी चाकाकडे बघावं. मी सायकल स्टँडवर चढवली आणि चाक फिरवून व्हॉल्व्ह समोर आणला. त्याच्या दोन्ही बाजूंचे आरे आत झुकून बरोबर त्याच्या डोक्यावर एकमेकांजवळ आले होते. पंपाचं तोंड सरळ बसायला जागाच नव्हती. चाक विणायला, म्हणजे मधल्या हबपासून बाहेरच्या रिमपर्यंत आरे गुंफायला, रिमच्या चुकीच्या भोकापासून सुरुवात केली की असं होतं.

कुठल्या शिकाऊ पोराने विणलंय हे, असं मनात येतं न येतं तोच शेजारचे तीन आरे दिसले. तिन्ही स्टेनलेस स्टीलचे, अजून चमकणारे, एकमेकांना लागून. बाकीचे सदतीस जस्ताच्या मुलाम्याचे, राखाडी पडलेले. माझा हात रिमवरच थांबला. ते पोर मीच होतो. चोवीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, मी विणलेलं हे माझं पहिलं चाक.

त्या दिवशी आऱ्यांच्या पुड्यात तीन आरे कमी निघाले होते. उस्तादांनी दुसऱ्या डब्यातून तीन काढून दिले. असे वेगळे आरे चाकात विखरून घालायचे असतात, ते मला कळत नव्हतं. मी तिन्ही एकाच जागी घातले. अशी खूण दुसऱ्या कुठल्या चाकात सापडणं अवघड.

चाक विणणं हे आमच्या कामातलं सगळ्यात शांत काम. जुन्या रोडस्टरच्या, म्हणजे अशा काळ्या रॉड ब्रेकच्या सायकलच्या, पुढच्या चाकात ३२ आरे असतात आणि मागच्या चाकात ४०, कारण वजन मागे जास्त. मागच्या ४० पैकी २० हबच्या डाव्या बाजूला, २० उजव्या. प्रत्येक बाजूचे दहा पुढे ओढणारे, दहा मागे. आरा हबमधून सरळ बाहेर काढत नाहीत, तिरपा काढतात. कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये अशा तिरप्या आऱ्यांच्या चाकाचं पेटंट घेतलं. आरे सरळ असले की पायाचा जोर आधी हबला पीळ देतो आणि मग रिमपर्यंत पोचतो. तिरपे आरे तो जोर लगेच ओढून घेतात. लोकांना वाटतं की आरे काठीसारखे खालून आधार देतात. खरं तर दोन मिलिमीटर जाडीची तार वजन कसली पेलणार, ती वाकेल. चाक उभं राहतं ते सगळे आरे आधीच ताणून ठेवलेले असतात म्हणून. वजन पडलं की जमिनीजवळच्या आऱ्यांचा ताण थोडा उतरतो, इतकंच. म्हणून ताण सारखा हवा. एक आरा ढिला राहिला तर त्याचं काम शेजाऱ्यांवर पडतं, आणि मग शेजारी तुटायला लागतात.

व्हॉल्व्हचा नियम याहून सोपा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे आरे त्याच्यापासून लांब झुकलेले हवेत. मी सुरुवात दोन भोकं चुकवून केली, आणि सगळे आरे ताणून, आउट (चाकाचं डुलणं) काढून झाल्यावर पंप लावायला गेलो तेव्हा ते लक्षात आलं. संध्याकाळ झाली होती. उस्तादांनी चाक हातात घेऊन फिरवलं, व्हॉल्व्हपाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "चाक गोल आहे. गिऱ्हाईक सकाळी येणार. राहू दे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हवा भरणारा मात्र रोज तुझी आठवण काढेल."

त्या वाक्यापेक्षा 'चाक गोल आहे' हेच मी जास्त लक्षात ठेवलं. पहिल्याच चाकाला उस्तादांनी गोल म्हटलं, हे मी किती जणांना सांगितलं असेल! व्हॉल्व्हची गोष्ट सांगताना गाळायचो.

बाई बाकावर बसून होत्या. मी विचारलं, "हवा कशी भरता?"

त्या उठून आल्या आणि दाखवलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी एक आरा बाजूला ओढून धरायचा, उजव्या हाताने पंपाचं तोंड तिरपं करून दाबायचं. "बाबांनी शिकवलं. सायकल त्यांची. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना आरा धरून द्यायचे. ते म्हणायचे, ही सायकल हवा भरून घ्यायला जरा हट्टी आहे."

आता सगळी साखळी मला दिसत होती. तोंड तिरपं बसलं की भरता भरता हवा निसटते, हात दमतो, माणूस 'चालेल एवढी' म्हणून थांबतो. टायर कायम थोडं मऊ राहतं. मऊ टायर रिमवर घट्ट बसत नाही, पॅडलला जोर दिला की किंचित सरकतं आणि आतल्या ट्यूबला सोबत ओढतं. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तो तिरपा होत जातो आणि एक दिवस मुळाशी फाटतो. नवी ट्यूब घाला, काही महिन्यांनी तेच. अशा किती ट्यूब गेल्या असतील, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ट्यूबलाच वाईट म्हटलं असेल.

मी त्यांना सांगून टाकलं. हे चाक मी विणलं, चूक माझी, आणि ट्यूबा त्यामुळेच फाटतात.

त्या काही क्षण चाकाकडे बघत राहिल्या. मग शांतपणे विचारलं, "तेव्हा सांगता आलं नसतं का?"

सांगता आलं असतं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल न्यायला आले तेव्हा मी समोरच उभा होतो. मी त्यांना मडगार्ड पुसून दिलं होतं. आता बाईंना एवढंच म्हणालो, "सायकल आज राहू द्या. चाक नीट करून देतो. उद्या सकाळी या."

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे. हबमधली वीण तशीच ठेवायची, चाळीसही निपल, म्हणजे आऱ्याचं टोक रिमला धरून ताणणारे बारीक नट, काढायचे, रिम दोन भोकं सरकवायची आणि आरे पुन्हा बसवायचे. दोनच भोकं, कारण रिमची भोकं एक आड एक डाव्या-उजव्या आऱ्यांसाठी असतात. एकाने सरकवलं तर डाव्याचं उजवं होईल. पण चोवीस वर्षांनी निपल सहज सुटत नाहीत. प्रत्येकाच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडून दुपारभर दुसरी कामं केली. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं आणि चाक घेऊन बसलो.

सोडण्याआधी एकेक आरा चिमटीत धरून पाहिला. एकही बदललेला नव्हता, आणि ताण अजून सारखा होता. नखाने छेडले तर एका बाजूचे सगळे जवळजवळ एकाच सुरात वाजत होते. व्हॉल्व्हचं दुःख होतंच, पण खरं सांगतो, छाती भरून आली. एकोणीस वर्षांच्या पोराचा हात इतका चांगला होता तर!

मग निपल ब्रशने घासायला घेतले. निपल पितळेचे असतात, वरून निकेलचा मुलामा. गंज त्यांना धरत नाही, म्हणून पान्याच्या खुणा राहतात. आठ-दहा निपल झाल्यावर एकावर रेघ दिसली. एका सपाट बाजूवर, कोपऱ्याजवळ, बारीक आणि खोल. मुलामा खरवडून आतलं पितळ उघडं पडलेलं, काळपट झालेलं.

मी ती रेघ ओळखतो. उस्तादांच्या आऱ्याच्या पान्याचा एक कोपरा तुटका होता, आणि तो पाना प्रत्येक निपलवर अशी रेघ ओढायचा. मी त्या दिवशी नवा पाना वापरला होता. त्यांचा पाना ते कुणाला हात लावू देत नसत.

दिवा जवळ ओढून चाळीसही तपासले. चौदा निपलांवर ती रेघ होती. त्यातले अकरा फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या, बाजूचे, जिथे ताण जास्त लागतो. निपलचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ओढ. चौदा ठिकाणी कुठे पाव, कुठे अर्धा फेरा, एवढ्यात चाक एकसुरात आणता येतं, पण त्याला रात्रीचा तास-दीड तास बसावं लागतं. त्या रात्री मी घरी गेल्यावर उस्ताद बसले होते. आरा तुटला असता आणि माणूस पडला असता, ते त्यांनी काढलं. व्हॉल्व्ह माझ्यासाठी ठेवला. सकाळी चाकाविषयी चकार शब्द काढला नाही.

त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. बराच वेळ मी पहिला निपल सोडलाच नाही. सोडला की ती ओढ गेली, पुन्हा तशी बघायला मिळणार नव्हती. एकेक आरा पुन्हा छेडला, कान लावून ऐकला. मग सोडायला सुरुवात केली.

रात्री अकरापर्यंत चाक उभं राहिलं. तीन चमकते आरे आता व्हॉल्व्हपासून दोन भोकं पलीकडे गेले होते. विखरायचे होते, पण नाही विखरले. त्यासाठी हबची वीण उसवावी लागली असती, आणि ती निदान माझी होती.

सकाळी बाई आल्या. मी पंप त्यांच्याच हातात दिला. त्या चाकापाशी बसल्या, व्हॉल्व्ह खाली आणला, आणि डाव्या हाताची दोन बोटं आपोआप आरा बाजूला ओढायला पुढे गेली. तिथे आरा नव्हता. बोटं तशीच हवेत राहिली, आणि पंपाचं तोंड सरळ जाऊन बसलं.