खिशातला डॅक, टेबलावरचा डॅक

गेली दोन वर्षे माझ्याकडे दोन डॅक आहेत, म्हणजे आकड्यांत साठवलेले संगीत हेडफोन किंवा स्पीकरला चालेल अशा विजेत बदलणारी दोन यंत्रे. एक म्हणजे फोनच्या यूएसबी-सी जोडणीत अडकवायचे बोटभर डोंगल, आणि दुसरा टेबलावर ठेवायचा, मिठाईच्या अर्धा किलोच्या खोक्याएवढा, स्वतःचा वीजपुरवठा, पुढे आवाजाचा नॉब आणि मागे स्पीकरसाठी आरसीए जोडण्या असलेला. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ बारा पट होती. तो घरी आला तेव्हा पहिल्याच आलापात फरक कळेल अशी माझी खात्री होती. तसे झाले नाही, आणि पुढे जो फरक सापडला तो मी शोधत होतो त्या ठिकाणी नव्हता.

दोन्ही यंत्रांचे मूळ काम एकच आहे. सीडीवरचे संगीत म्हणजे प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला 44,100 वेळा घेतलेली, 16 बिटांत लिहिलेली मोजमापे. आकड्यांच्या या रांगेतून पुन्हा सलग बदलणारे व्होल्टेज तयार करणे एवढेच डॅकने करायचे असते. 16 बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि तळाचा गोंगाट यांत साधारण 96 डेसिबलचे अंतर मिळते, आणि आज चांगल्या डोंगलमधली चिपसुद्धा ते सहज सांभाळते. 2016 च्या आयफोन 7 मधून हेडफोनचे भोक गेले, तेव्हापासून अ‍ॅपल जी पांढरी वायर विकते, तिच्या टोकातही एक डॅक दडलेला असतो. चिप कोणत्या कंपनीची यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांत मीही होतो. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, त्यांच्या चिप मिळेनाशा झाल्या आणि अनेक उत्पादकांना आपली यंत्रे दुसऱ्या कंपनीच्या चिप घालून नव्याने बांधावी लागली. तेव्हापासून चिपच्या नावावरची माझी श्रद्धा बरीच पातळ झाली, कारण ऐकू येते ते चिपभोवतीच्या सगळ्या मंडलाचे (सर्किटचे) काम.

तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेणे आवश्यक असते, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला डॅकही कानाला ‘जास्त खुला’ वाटतो. मी हेडफोन जोडलेले ठेवून 60 हर्ट्झचा सूर वाजवला आणि मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज जुळवले. (साधे मल्टिमीटर वरच्या कंपनसंख्यांवर खोटे बोलतात, म्हणून खालचा सूर.) एक दशांश डेसिबल म्हणजे सुमारे एक टक्का, त्यामुळे 500 मिलिव्होल्टवर पाच-सहा मिलिव्होल्टपेक्षा जास्त तफावत चालत नव्हती. मग मुलाला बदलाबदल करायला बसवले आणि पाठ फिरवून ऐकले. वीसपैकी अकरा वेळा माझे उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही साधारण तेवढेच आले असते.

खरा फरक सेनहायझर एचडी 600 लावल्यावर निघाला. या हेडफोनचा रोध 300 ओहम आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार 1 व्होल्टला तो सुमारे 97 डेसिबल आवाज देतो. माझ्या डोंगलची कमाल मर्यादा साधारण तेवढीच, म्हणजे 1 व्होल्ट. चित्रपटगीतांना ते पुरते, कारण ती मुळातच ठासून मोठ्या आवाजात भरलेली असतात. पण ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलापाची पातळी द्रुत तानेच्या आणि तबल्याच्या ठोक्याच्या बरीच खाली असते, आणि तिथे फोनची पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही आणखी थोडे हवेसे वाटत राहते. व्होल्टेज दुप्पट केले की 6 डेसिबल वाढतात. टेबलावरचा डॅक 4 व्होल्ट देतो, म्हणजे 12 डेसिबल शिल्लक. तानपुऱ्याची जवारी मागे स्पष्ट राहून गायक समोर बसल्यासारखा वाटला तो याच शिल्लकीमुळे. अर्थात 4.4 मिमी बॅलन्स्ड जोडणीची (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी) नवी डोंगलेही 4 व्होल्टपर्यंत जातात, फक्त ती हाताला गरम लागतात आणि फोनची बॅटरी भराभर पितात.

कानात घालायचे संवेदनशील इअरफोन लावले की मात्र पारडे फिरते. टेबलावरच्या डॅकमध्ये गाणे थांबल्यावरही बारीक सरसर ऐकू येत होती. शिवाय नॉब इतका खाली ठेवावा लागे की तिथे डाव्या-उजव्या बाजूचा मेळ सुटत असे. नॉबमागच्या स्वस्त पोटेन्शियोमीटरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधाचा, हा जुनाच दोष. तानपुरा डोक्याच्या मध्यावरून चक्क डाव्या कानाकडे सरकला होता. डोंगलवर हीच जोडी काळ्याभोर शांततेत वाजते. हे इअरफोन बारा पट महाग यंत्राला लावणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर मागवण्यासारखे आहे.

आणि मग स्पीकरमधून सतत येणारी ती घूंघूं. लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर, लॅपटॉपपासून डॅकपर्यंत यूएसबी, डॅकपासून स्पीकरपर्यंत वायर आणि स्पीकरलाही अर्थिंग. एवढे झाले की अर्थिंगचे वर्तुळ पुरे होते आणि घरातल्या विजेची गुणगुण त्यातून स्पीकरमध्ये उतरते. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100 हर्ट्झ, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्र पंचम येतो साधारण 104 हर्ट्झवर. म्हणजे पंचमाची तार उतरलेला एक तानपुरा खोलीत अखंड वाजत होता, आणि माऊस हलवला की त्यावर वेगळी चिवचिव. विक्रेत्याने आधी डॅक बदलून दिला, मग महाग यूएसबी केबल सुचवली; दोन्हींनी काही झाले नाही. चार्जर काढला की आवाज बंद, एवढ्यावरूनच रोग कळायला हवा होता. शेवटी लॅपटॉप सोडला आणि टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जोडली जात नाही, त्यामुळे घूंघूं त्याच क्षणी गेली. फोनच्या बॅटरीवर चालणाऱ्या डोंगलला हा आजार जडतच नाही.

सध्या टेबलावरचा डॅक टीव्ही, स्पीकर आणि एचडी 600 यांच्यासाठी ठेवला आहे. इअरफोन मी त्याच टेबलाशी बसूनही डोंगललाच लावतो. डोंगलची वायर यूएसबीच्या टोकाशी विरत चालली आहे आणि फोन तिरका धरला की उजवा कान मधूनच जातो, म्हणून काल तसलेच दुसरे मागवले.