बिनविरोध

रात्रीचे पावणेबारा. जर्नल अर्धवट पडलंय आणि मी हे लिहीत बसलेय.

दुपारी कॉलेजातल्या आयट्रिपलईच्या (इंजिनिअर्सची जागतिक संघटना) शाखेची अध्यक्ष निवडायची मीटिंग होती. सरांनी विचारलं, "मग यंदा चेअर कोण?" पंख्याची घरघर सोडली तर वर्गात चिडीचूप. कुणाला एकदम बुटाची नाडी सापडली, कुणाला वहीत काहीतरी लिहायचं आठवलं. माझी मैत्रीण माझ्या शेजारीच होती, खिडकीबाहेर बघत. असो. माझा हात वर गेला. मी केला असं म्हणवत नाही, गेला. आणि हात पुरता वर व्हायच्या आत टाळ्या! खरं तर त्या टाळ्यांनीच घोळ केलाय. इतक्या घाईने वाजल्या की त्या माझ्यासाठी नव्हत्याच, 'सुटलो बुवा' म्हणून होत्या.

सर म्हणाले, "छान. बिनविरोध."

ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत तोच शब्द डोक्यात. दिघा गाव कधी गेलं कळलंही नाही. बिनविरोध म्हणजे निवडून आले, की उरले म्हणून मिळालं? समोर कुणी उभंच नव्हतं, तर मी जिंकले कुणाला? पडले असते तर निदान रडता तरी आलं असतं.

काम काय असतं ते मला ठाऊक आहे, ट्रेझररकी करून झालीय. समोशांचं बिल कच्चं, फ्लेक्सवाल्याचं जीएसटीविना, हॉलच्या पत्रावर तीन सह्या आणि तिसरे साहेब रजेवर. फर्स्ट इयरच्या वर्गांत जाऊन घोकलेलं म्हणायचं: आयट्रिपलई १९६३ साली झाली, एक १८८४ची आणि एक १९१२ची, अशा दोन संस्था एकत्र येऊन. मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: "प्लेसमेंटला फायदा होतो का?" मी दर वेळी "हो" म्हणाले. तेही एक आहेच, पण ते आज नको.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. "बिनविरोध? अरे वा! मी सहा वर्षं बिनविरोधच आहे," असं म्हणून ते टाकीवाल्याला फोन लावायला उठले. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आहेत ते. दर सर्वसाधारण सभेत हेच होतं. पार्किंगवर दोन तास भांडणं, मग सेक्रेटरीचा विषय निघाला की सगळ्यांना गॅसवरचं दूध आठवतं. आईने पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "दोन्ही सोसायट्यांना आपलंच घर सापडतं का गं?"

तिथे मला हसू आलं. इतका वेळ चढलेलं तोंड जरा खाली आलं.

मग जेवताना विश्वेश्वरय्या आठवले. गेल्या १५ सप्टेंबरला, इंजिनिअर्स डेला, त्यांच्यावरच्या स्लाइड्स मीच केल्या होत्या (तेव्हाही दुसरं कुणी तयार नव्हतं). त्यांनी खडकवासल्याला १९०३ साली बसवलेले स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उचलला जातो, जास्तीचं पाणी निघून जातं, पातळी उतरली की पुन्हा बंद. दरवाजाला कुणी विचारत नाही, तुला उचलायचंय का.

आज वर्गात शांतता त्या पातळीला पोचली होती, बाकी काही नाही. दुसऱ्यांची पातळी जरा उंचावर असेल. माझी, आणि बाबांची, फारच खाली बसवलीय.

तरी त्या टाळ्या. थोड्या सावकाश वाजवल्या असत्या तर काय गेलं असतं?

आत्ताच जुन्या चेअरचा मेसेज आला. अभिनंदन वगैरे नाही. 'कपाटाची किल्ली झेरॉक्सवाल्याकडे ठेवलीय. कुलूप अडतं, जरा वर उचलून फिरव. आत गेल्या वर्षीच्या १२ ट्रॉफ्या आहेत, वाटायच्या राहिल्यात.'

बारा?