तांबं किती तास टिकेल?

२१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपमधली प्रॉस्पर-हानिएल खाण बंद झाली आणि जर्मनीत दगडी कोळसा काढणं कायमचं थांबलं. मी राहते तो रूर नदीचा पट्टा या कोळशावरच उभा राहिला. आजही लोकलच्या खिडकीतून जुन्या खाणींचे लोखंडी मनोरे दिसतात. याच पट्ट्यातल्या म्यूलहाइम शहरात, कोळशाच्या संशोधनासाठी काढलेल्या संस्थेत, फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रोप्श यांनी १९२५ च्या सुमारास कोळशापासून मिळणाऱ्या वायूचं द्रव इंधन करून दाखवलं. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र करून योग्य धातूच्या कणांवरून सोडायचे, की त्यांच्यापासून डिझेलसारख्या लांब साखळ्या तयार होतात. धातू स्वतः खर्ची पडत नाही, फक्त वाट सोपी करून देतो. तोच उत्प्रेरक, म्हणजे आमच्या भाषेत कॅटॅलिस्ट.

शंभर वर्षांनी त्याच परिसरात आमच्यासारखे अनेक गट कोळसा वगळून हेच काम करू पाहताहेत. कार्बन घ्यायचा तो कारखान्याच्या धुराड्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमधून, हायड्रोजन घ्यायचा तो पवन आणि सौर विजेवर पाण्याचं विघटन करून. माझं काम त्यातल्या मिथेनॉल या साध्या अल्कोहोलवर आहे. मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव असतं, टाकीत भरून नेता येतं आणि त्यापासून पुढे पेट्रोल किंवा विमानाचं इंधनही करता येतं. जहाजांनी तर ते थेट वापरायला सुरुवात केली आहे. मर्स्क कंपनीचं मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज २०२३ मध्ये कोपनहेगनला दाखल झालं.

घरून फोन आला की विचारतात, "नवीन कॅटॅलिस्ट सापडला का?" प्रश्न प्रेमाचा आहे, पण आमच्या क्षेत्राबद्दलचा एक मोठा गैरसमज त्यात दडलेला आहे. चालणारा उत्प्रेरक केव्हाच सापडलाय. बीएएसएफ कंपनीने १९२३ मध्ये झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर मिथेनॉलचा कारखाना सुरू केला, पण त्याला प्रचंड दाब लागायचा. १९६६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआयने तांबं, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) यांचं मिश्रण आणलं. त्यामुळे काम ५० ते १०० बार, म्हणजे हवेच्या साध्या दाबाच्या साधारण तितक्या पट दाबावर आणि २५० अंश सेल्सिअसच्या आसपास होऊ लागलं. जगातलं बहुतेक मिथेनॉल आजही याच कुळातल्या उत्प्रेरकावर तयार होतं. आमची खरी अडचण तो सापडण्याची नसून टिकण्याची आहे. माझ्या मते या विषयातलं निम्म्याहून जास्त डोकं तिथेच लागायला हवं.

त्यासाठी तो बनतो कसा हे आधी सांगते. तांबं, झिंक आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या नायट्रेटचं द्रावण एका बाजूने, सोडियम कार्बोनेटचं दुसऱ्या बाजूने, ६५ अंशाच्या पाण्यात एकाच वेळी थेंबथेंब सोडायचं आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, सातच्या जरा खाली धरून ठेवायचा. तळाशी निळा, चिकट गाळ जमतो. तो लगेच गाळून घ्यायचा नाही, ढवळत ठेवायचा. मग बराच वेळ काहीच घडत नाही. अचानक पीएचचा आकडा घसरायला लागतो आणि बघता बघता निळ्याचा हिरवट निळा होतो. त्या क्षणी गाळाला स्फटिकाची रचना येत असते, मॅलकाइट या खनिजाची, आणि तांब्याच्या काही जागांवर झिंक जाऊन बसतं. या जागा किती नीट भरल्या यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हा रंगबदल मी कितीही वेळा पाहिला तरी काचपात्रासमोरून हलावंसं वाटत नाही. नंतर सोडियम निघून जाईपर्यंत धुवायचं, वाळवायचं, ३०० अंशांच्या थोडं वर भाजायचं. हाती येते ती काळी पूड.

पण ही काळी पूड अजून कामाची नसते. तिच्यातला कॉपर ऑक्साइड हायड्रोजन देऊन धातूरूपात आणावा लागतो आणि ती क्रिया उष्णता सोडते. घाई केली तर तापमान उसळतं आणि तांब्याचे कण पहिल्या दिवशीच एकमेकांना चिकटतात. म्हणून हायड्रोजन विरळ करून, मिनिटाला एखाद्या अंशाने, संयमाने वर जायचं. नीट झालं तर साधारण दहा नॅनोमीटरचे तांब्याचे कण झिंक ऑक्साइडच्या कणांमध्ये अडकून बसतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणं हे झिंक ऑक्साइडचं एक मोठं काम. दोघांच्या सीमेवर खरी रसायनक्रिया चालते असंही मानतात, पण नेमक्या कुठल्या अणूपाशी, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आता मुख्य वैरी. कार्बन मोनॉक्साइडपासून मिथेनॉल केलं तर पाणी जवळजवळ तयार होत नाही. कार्बन डायऑक्साइडपासून केलं तर मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. वजनाने पाहिलं तर यंत्रातून येणाऱ्या द्रवात ३६ टक्के पाणी! ही गरम वाफ सतत अंगावर घेत तांब्याचे कण हलू लागतात आणि पानावरचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हावेत तसे मोठे होतात. कण मोठा झाला की पृष्ठभाग घटतो, झिंक ऑक्साइडही वेगळं पडून स्फटिक वाढवत बसतं. शिवाय गंधकाचा अंशसुद्धा या तांब्याला चालत नाही, आणि कारखान्याच्या धुरात गंधक असतंच. म्हणजे ज्या वायूपासून जगाला स्वच्छ इंधन हवंय, तोच वायू पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवी उत्प्रेरकाला लवकर म्हातारा करतो.

उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत. अ‍ॅल्युमिना पाणी धरून ठेवतं म्हणून त्याऐवजी झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचा ऑक्साइड, वापरतात. आमच्या गटाचाही भर त्यावर आहे. २०१६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी झिर्कोनियावर बसवलेला इंडियम ऑक्साइड हजार तास चालवून दाखवला, हे मला गेल्या काही वर्षांतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं, कारण त्यांनी तास मोजले. पण इंडियम हा झिंकच्या खाणकामातला जोडधातू, स्क्रीन बनवणाऱ्यांनाही तोच हवा असतो. जहाजांच्या इंधनाएवढ्या प्रमाणावर तो पुरवायचा कुठून?

तास मोजायची ही सवय मला इथे लागली. आमच्या बैठकीत पहिल्या दिवसाचा सुंदर आलेख दाखवला की मान हलवून लगेच विचारतात, आठवडाभराने काय झालं? शोधनिबंधात मात्र सुरुवातीचे काही तासच छापून येतात, याची मला मनापासून चीड आहे. कारखान्यातला उत्प्रेरक काही वर्षं चालावा लागतो आणि एका वर्षात ८,७६० तास असतात.

दीर्घकाळ चालणाऱ्या चाचण्यांमुळे प्रयोगशाळेची शिस्तही वेगळी. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे सिलिंडर हवा खेचणाऱ्या कपाटात बंद, जागोजागी वायू ओळखणारे सेन्सर, दरवर्षी सुरक्षेचं प्रशिक्षण आणि सहीनिशी नोंद. धोक्याच्या प्रयोगावर एकट्याने थांबायचं नाही, हा नियम प्राध्यापकांनाही लागू. यंत्र रात्री एकटं चालतं, कारण काही बिघडलं तर वायू आपोआप बंद होऊन नायट्रोजन सुटेल अशी सोय आधीच केलेली असते. सुरुवातीला ही सगळी कागदपत्रं मला कामातला अडथळा वाटायची. आता अशा सोयीशिवाय पन्नास बारचं यंत्र चालवणाऱ्या प्रयोगशाळेत मी पाऊल ठेवणार नाही.

आकडेही लपवू नयेत. एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. हायड्रोजनच्या एका किलोला साधारण ५० युनिट वीज धरली तरी टनामागे जवळपास साडेनऊ हजार युनिट होतात, आणि त्या मिथेनॉलमध्ये ऊर्जा उरते ती साडेपाच हजार युनिटएवढी. म्हणून जिथे बॅटरी चालते तिथे बॅटरीच वापरावी असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र ओलांडणारं जहाज आणि लांब पल्ल्याचं विमान यांना मात्र बॅटरीचं वजन झेपत नाही. आमची मेहनत त्यांच्यासाठी.

या विषयात पीएचडीला इकडे यायचा विचार असलेल्यांसाठी थोडं. इथे पीएचडी करणाऱ्याशी बहुतेक वेळा नोकरीचा करार होतो, पगार आणि रजा दोन्ही मिळतात. मुलाखतीत धातूंची नावं कमी आणि उष्णता कशी वाहते, समतोल, म्हणजे क्रिया पुढे सरकायची थांबते तो टप्पा, कुठे अडतो हे जास्त विचारतात. २५० अंशाला आणि ५० बारला एका फेरीत कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग तसाच का परत येतो, हे कागदावर मांडून दाखवता आलं तर निम्मी मुलाखत झाली समजा. समतोल उत्प्रेरकाने हलत नाही, तिथे पोचायचा वेळ तेवढा कमी होतो. उरलेला वायू फिरवून पुन्हा आत सोडावा लागतो.

सध्या माझं यंत्र वाऱ्याची नक्कल करतंय. वारा पडला की वीज कमी, म्हणजे हायड्रोजन कमी, म्हणजे तांब्याभोवती कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त. कारखाने आजवर एकाच गतीने चालवायची पद्धत होती. असा चढउतार या उत्प्रेरकाला कधी सोसावाच लागला नव्हता. झिर्कोनियाचा नमुना आणि जुना अ‍ॅल्युमिनाचा नमुना शेजारशेजारच्या दोन नळ्यांत, एकाच वायूवर चालू आहेत. दोन्हींच्या कणांचे आकार आधी मोजून ठेवलेत, चाचणी संपली की पुन्हा मोजायचे.