दिवाळी अंकाची पानं फळ्यावर लावताना

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पानांचा हिशेब माझ्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये होता. हिशेब चोख होता, पण माझ्याशिवाय तो कोणी उघडत नसे. जाहिराती आणणारे फोनवर विचारायचे, डीटीपी करणारी मुलगी व्हॉट्सअॅपवर विचारायची, आणि छापखान्याचे काका कोणालाच न विचारता आपल्या वहीत लिहून ठेवायचे. शेवटी चार बाय सहा फुटांचा व्हाइटबोर्ड घ्यायचं ठरलं.

दुकानात दोन प्रकार दाखवले. स्वस्तातला मेलामाइनचा, आणि जवळजवळ दुप्पट किमतीचा सिरॅमिकचा, म्हणजे पत्र्यावर काचेसारखा थर भाजून बसवलेला. मी महागाचा मागितला आणि खजिनदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण मेलामाइनवर मजकूर आठवडेच्या आठवडे राहिला की पुसल्यावरही राखाडी सावली उरते. आमचा मजकूर तर आषाढापासून दसऱ्यापर्यंत राहणार होता. शिवाय पत्रा असल्यामुळे सिरॅमिकवर चुंबक चिकटतात. पुढे त्या चुंबकांनीच पैसे वसूल करून दिले.

अंक १६० पानांचा. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून घडी घातली की जी १६ पानं होतात, तो एक फॉर्म, म्हणजे आमचे दहा फॉर्म. दहा आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकटी. रेघा पर्मनंट मार्करने मारल्या, म्हणजे मजकूर पुसला तरी चौकटी शाबूत. (काम संपल्यावर त्याच रेघांवरून व्हाइटबोर्डचा मार्कर फिरवायचा आणि ओला असतानाच पुसायचा. त्यातल्या द्रावकाने खालची शाई सुटते. उरलंसुरलं स्पिरिटने निघतं.)

मग काका आले. फळ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि लाल मार्कर घेऊन प्रत्येक ओळीत १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ या चौकटींवर ठिपके देत गेले. कागदाच्या एका बाजूला ही आठ पानं येतात, उरलेली आठ दुसऱ्या बाजूला. एकच बाजू रंगीत छापायची तर रंगीत पानं याच आठांत बसवायला हवीत. "ताई, रंगीत पान आपल्याला हवं तिथं मिळत नाही, कागद म्हणेल तिथं मिळतं," असं म्हणून ते चहाला गेले.

जाहिरातदारांना उजवं पान हवं असतं आणि उजवं पान नेहमी विषम आकड्याचं. म्हणजे एका फॉर्ममध्ये रंगीत आणि उजवी अशी जागा चारच: १, ५, ९, १३. मी हे तोंडी सांगून थकले असते. पण लाल ठिपके दिसायला लागल्यावर जाहिराती आणणारे आमचे दोघं फळ्यासमोर उभं राहून थेट पार्टीला फोन लावू लागले, "साहेब, उजवं पान हवंय तर आज होकार द्या, दोनच उरलीत." एरवी असे होकार गणपतीनंतर यायचे.

मजकुराची मांडणी हा खरा रंगलेला भाग. प्रत्येक लेखाची चिठ्ठी केली, तिच्यावर नाव आणि पानसंख्या, आणि चुंबकाने ती चौकटीवर लावली. दाराजवळून पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या फॉर्ममध्ये तीन जड वैचारिक लेख मांडीला मांडी लावून बसलेले दिसायचे. एक उचलून सातव्यात नेला, मधे विनोदी कथा आणि व्यंगचित्रांची दोन पानं घातली. एका कथेच्या ऐन शेवटाआधी साबणाची जाहिरात येत होती, तीही हलवली. खुर्च्यांवर बसून बैठक झाली असती तर यावर तासभर भाषणं झाली असती. उभ्याने माणसं कमी बोलतात. मात्र ज्याच्या हातात मार्कर त्याचंच राज्य चालतं, म्हणून मी चार-पाच मार्कर ठेवले. ते आडवे ठेवायचे आणि झाकण घट्ट लावायचं. आमच्याकडे हा नियम कोणीच पाळला नाही.

रंग ठरवले होते: निळा म्हणजे लेखकाने कबूल केलेलं, हिरवा म्हणजे हाती आलेलं, काळा म्हणजे प्रूफ वाचून झालेलं. एक ज्येष्ठ लेखक पुस्तक बदलायला आले होते. मागच्या खोलीत डोकावले, त्यांच्या नावाच्या आठही चौकटी निळ्याच पाहिल्या आणि काही न बोलता गेले. त्याच आठवड्यात लेख आला. फळ्यामुळे आला असं मी म्हणणार नाही.

रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकत होते. एकदा पुसलेली गोष्ट परत दिसत नाही, हा या साधनाचा मोठा दोष आहे. जुन्या फोटोंमुळे कुठला लेख कधी आणि कशासाठी हलला, हे वाद थोडक्यात मिटायचे.

कवितांना मात्र फळा उपयोगी पडला नाही. चिठ्ठीवर कवितेचं नाव वाचून काहीच कळत नाही, आणि पानसंख्या तर सगळ्यांचीच एक किंवा अर्धी. दोन-तीनदा चिठ्ठ्या लावून पाहिल्या, मग सरळ काढून टाकल्या. टेबलावर छापील प्रती पसरल्या, एकेक कविता मोठ्याने वाचली, आणि कोणती कोणाशेजारी शोभते ते कानाने ठरवलं. फळ्यावर सहाव्या फॉर्ममध्ये 'कविता – ४ पानं' एवढंच लिहिलं होतं. त्या चार पानांतला क्रम शेवटच्या प्रूफपर्यंत बदलत होता.