काटा डावीकडे: लुईझियानाचं संगीत रेडिओवर आणि मैदानात

अमेरिकेत भाड्याची गाडी घेतलीत की रेडिओचा आकडा आधी ८८ ते ९२ च्या मध्ये आणा. एफएमचा हा डावीकडचा तुकडा बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे: विद्यापीठं, सार्वजनिक रेडिओ, काही धार्मिक संस्था. ९२ च्या पुढे जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रांचं राज्य, आणि तिथं ह्यूस्टन काय नि शिकागो काय, गाणी एकाच छापाची. एखाद्या गावाचं स्वतःचं संगीत ऐकायचं तर बहुतेक वेळा काटा डावीकडेच न्यावा लागतो.

दक्षिण लुईझियानात अशी दोन केंद्रं आहेत, आणि इथल्या मोठ्या महोत्सवांशी त्यांचं जवळचं नातं आहे. न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझी, ९०.७ वर, १९८० च्या डिसेंबरात सुरू झालेलं. पुढे त्याचा परवाना जॅझ फेस्टिवल भरवणाऱ्या प्रतिष्ठानाकडे गेला. निवेदक स्वयंसेवक असतात: कुणी फक्त ब्रास बँड वाजवतो, कुणी फक्त गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं. दुसरं, लाफायेटच्या विद्यापीठाचं केआरव्हीएस, ८८.७ वर. तिथं आजही केजन फ्रेंचमध्ये, म्हणजे इथं स्थायिक झालेल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या बोलीत, निवेदन ऐकू येतं. १९२१ च्या राज्यघटनेनं लुईझियानाच्या शाळांत इंग्रजीची सक्ती केली, मुलांना फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या. त्या भाषेतली गाणी रेडिओवर लागणं इथल्या लोकांसाठी साधी करमणूक नाही.

भारतातून ऐकायला दोन्ही केंद्रांच्या संकेतस्थळांवर थेट प्रक्षेपण आहे. वेळेचा हिशेब मात्र नीट करा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत भारत साडेदहा तास पुढे असतो, उरलेल्या काळात साडेअकरा. म्हणजे उन्हाळ्यात इकडची पहाट ही तिकडची आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा-सातची वेळ, आणि इकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे तिकडे शनिवारची सकाळ. मार्चमध्ये घड्याळ सरकतं तेव्हा भारतातल्या श्रोत्याचा हमखास एक तास चुकतो.

दुसरी तक्रार जुन्या भागांची: मागच्या महिन्याचा कार्यक्रम सापडत नाही. त्यात केंद्राचा आळस नाही. १९९८ च्या अमेरिकी कायद्यानुसार इंटरनेटवर संगीत वाजवण्याचा सरसकट परवाना मिळतो, पण अटींसह. संग्रहातला कार्यक्रम जास्तीत जास्त दोन आठवडे ठेवता येतो. कुठल्याही तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त आणि एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी वाजवता येत नाहीत. पुढची गाणी कुठली, हे वेळेआधी जाहीर करता येत नाही. म्हणून गाण्यांची यादी गाणं वाजल्यावरच दिसते. आवडलेलं नाव तिथल्या तिथे लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी शोधायला गेलात तर कार्यक्रम गेलेला असेल.

आता कान तयार करण्याविषयी. महोत्सवाला जाणाऱ्यानं निदान महिनाभर आधी ऐकायला लागावं असं आमचं ठाम मत आहे. नवख्या माणसाला केजन आणि झायडेको ही इथली दोन संगीतं एकच वाटतात. दोन्हींत अकॉर्डियन आहे, पण तिथूनच फरक ओळखायचा. केजन अकॉर्डियन लहान, दहा बटणांचा, बहुधा सी सुरात बांधलेला, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक. पेटीसारखाच तोही सुट्या रीडवर आणि भात्यावर चालतो. पण पेटीत एका पट्टीला एकच सूर, इथं भाता दाबताना एक सूर आणि ओढताना त्याच बटणातून वेगळा सूर. त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात सारखा आतबाहेर होतो आणि त्या झटक्यांतूनच ठेका तयार होतो. वर चार खुंट्या असतात, त्या उघडल्या की एका बटणावर चार रीड एकदम बोलतात. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात नाचाच्या गर्दीत हे वाद्य ऐकू जायचं ते त्यामुळेच. सोबतीला व्हायोलिन आणि लोखंडी त्रिकोण. जुने त्रिकोण गवत ओढण्याच्या दाताळ्याच्या दातांपासून वळवलेले.

झायडेको हे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं संगीत, त्यात ब्लूजचा अंश मोठा. वादक क्लिफ्टन शेनिए यांच्यामुळे त्यात मोठा पियानो अकॉर्डियन रुळला. पन्हळी पत्र्याचं, खांद्यावर अडकवून छातीवर घालायचं ‘फ्रोत्वार’ही १९४६ मध्ये त्यांनीच एका धातुकारागिराकडून घडवून घेतलं. ते चमच्यांनी किंवा बाटली उघडायच्या चावीनं खरवडतात. रेडिओवर खरखरणारा पत्रा ऐकू आला तर झायडेको, त्रिकोणाची किणकिण आली तर बहुधा केजन. केजन गाण्यांत वॉल्ट्झ पुष्कळ असतात, तीन-तीन मात्रांचे. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ते चटकन सापडतात.

महोत्सव अनेक आहेत, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं दोनांतून एक निवडावा.

न्यू ऑर्लिन्सचा जॅझ अँड हेरिटेज फेस्टिवल १९७० मध्ये सुरू झाला. १९७२ पासून तो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरतो, एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला शनिवार-रविवार धरून. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. डझनभर मंच एकाच वेळी चालू असतात आणि गर्दीतून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला वीस मिनिटं सहज लागतात. दिवसाला आठ कार्यक्रम ठरवणारा माणूस दिवसभर चालतच राहतो. दोन नक्की करा, बाकीचे वाटेत भेटतील. उन्हाचा कडाका वाढला की गॉस्पेलच्या तंबूत जा: सावली, बसायला जागा, आणि आमच्या मते या महोत्सवातलं सर्वांत जिवंत गाणं. केजन आणि झायडेकोसाठी ‘फे दो दो’ मंच. ‘निजा आता’ अशा अर्थाचा हा शब्द, मोठी माणसं नाचायला जाण्याआधी मुलांना निजवायची त्यावरून आलेला. पाऊस पडला तरी महोत्सव चालतो, पण मैदानाचा चिखल होतो. कापडी बूट निकामी होतात, गमबूट हवेत. गाडी नेऊ नका. कॅनाल स्ट्रीटवरून सिटी पार्कची ट्राम घ्या, शेवटच्या थांब्यापासून पंधरा-वीस मिनिटं चालायचं.

डब्ल्यूडब्ल्यूओझी इथूनच थेट प्रक्षेपण करतं. देणगीदारांना ते एक ‘ब्रास पास’ देतं, त्यावर महोत्सवाचे सगळे दिवस आत जाता येतं. रेडिओ आणि महोत्सव इथं एकमेकांना असे पोसतात. शहरात असताना विषम तासांच्या सुरुवातीला हे केंद्र जरूर लावा. त्या दिवशी कुठल्या ठिकाणी कोण वाजवणार, ते सगळं वाचून दाखवतात.

दुसरा पर्याय लाफायेट, न्यू ऑर्लिन्सपासून साधारण २१५ किलोमीटर, वाटेत अचाफलाया दलदलीवरचा २९ किलोमीटर लांबीचा पूल. तिथला ‘फेस्टिवल्स अकेडियन्स ए क्रिओल’ ऑक्टोबरात जिरार्ड पार्कमध्ये भरतो, प्रवेश फुकट. त्याचं मूळ १९७४ च्या मार्चमधल्या एका मैफिलीत आहे. नाचाचं म्हणून हलकं लेखलं जाणारं संगीत तेव्हा लोकांना मुद्दाम खुर्च्यांवर बसवून ऐकवलं. आता मंचासमोर नाचच चालतो. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, वेगात नाचणारे बाहेरच्या कडेनं. फोटोसाठी त्या वाटेत उभे राहू नका, बाजूला घडीची खुर्ची टाका. पहिली भेट असेल तर आम्ही हाच महोत्सव सुचवू: हवा सुसह्य, खर्च कमी, आणि वादक हाकेच्या अंतरावर.

शाकाहारी मंडळींना स्पष्ट सांगायला हवं. राजम्यासारखे दिसणारे ‘रेड बीन्स’ बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवतात, गम्बोचा रस्सा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात होतो, बुदँ म्हणजे मांस आणि भात भरलेलं आतडं. ‘मांस आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘पाणी कशाचं’ हेही विचारा. जॅझ फेस्टमध्ये परतलेल्या पालकाचा ‘जामा जामा’ आणि तळलेली केळी पोटभर होतात.

पैशाचं थोडं सांगायलाच हवं. ही केंद्रं वर्षातून दोन-तीनदा श्रोत्यांकडे वर्गणी मागतात. तेवढे दिवस गाणी कमी, आवाहनं जास्त. नवा श्रोता वैतागून केंद्र बदलतो. तसं करू नका. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. छोट्या केंद्रांना त्याचा घाव खोल बसला आहे, आणि निवेदक मिनिटामिनिटाला दहा डॉलर मागतो तेव्हा ती गरज खरी असते.

लाफायेटला गेलात तर शनिवार युनिस या गावासाठी ठेवा, तासाभराच्या अंतरावर. सकाळी ‘सॅव्हॉय म्युझिक सेंटर’मध्ये, म्हणजे अकॉर्डियन बनवणाऱ्या सॅव्हॉय कुटुंबाच्या दुकानात, नऊ ते बारा मोकळी बैठक असते. कुणीही वाद्य घेऊन बसावं, पण त्रिकोण एका वेळी एकानंच वाजवायचा. दोन त्रिकोण जरा पुढेमागे पडले की व्हायोलिन ऐकूच येत नाही. संध्याकाळी लिबर्टी थिएटरमध्ये १९८७ पासूनचा ‘राँदेव्हू दे केजन्स’ हा थेट रेडिओ कार्यक्रम असतो. त्यात मध्ये खंडही पडला होता, म्हणून निघण्याआधी वेळ तपासा, आणि नाचायचं असेल तर पुढच्या रांगा धरा.