अँटेना उतरवली, तरी मीटर हलेना

मोळी टाकायला, म्हणजे उसाचं गाळप सुरू व्हायला, थोडेच दिवस उरले होते आणि गगनबावड्याकडच्या गट ऑफिसचा आवाज साखर कारखान्यावर धड पोहोचत नव्हता. त्या खोऱ्यात मोबाईलचा भरवसा नाही. कुठल्या फडात तोडणीच्या किती टोळ्या लागल्या, किती गाड्या भरून निघाल्या हे चिटबॉय, म्हणजे तोडणीची नोंद ठेवणारी कारखान्याची माणसं, गट ऑफिसला सांगतात आणि तिथून वायरलेसवर केन यार्डाला, म्हणजे कारखान्यातल्या उसाच्या गाड्यांच्या तळाला, कळतं. हा निरोप अडला की यार्डात गाड्या तुंबतात, नाहीतर गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, रिकामी पडते. म्हणून मला शाहूपुरीतल्या वायरलेसच्या दुकानातून बोलावणं आलं.

नवी अँटेना घ्यायची हे आधीच ठरलेलं. शेती अधिकाऱ्यांनी कोटेशन पुढं सरकवलं. "जुनी तीनची, ही सहाची. ताकद दुप्पट की हो!"

हे आकडे डेसिबलचे, तीन वाढले की ताकद दुप्पट; एकाच मापात असती तर खरंच दुप्पट झाली असती. पण जुन्या अँटेनाच्या कागदावर ३ डीबीडी होतं, नवीनच्या कागदावर ६ डीबीआय. पहिलं माप डायपोल या साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाशी तुलना करून काढतात, दुसरं सगळ्या दिशांना सारखा सिग्नल टाकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी. दोन्हींत २.१५ चा फरक असतो. म्हणजे नवीन अँटेना जुन्या मापात ३.८५ ची. एवढे पैसे मोजून फायदा एका डेसिबललाही कमी. गेनच्या, म्हणजे या ताकदीच्या, आकड्यापुढचं शेवटचं अक्षर गाळणाऱ्या विक्रेत्यांचा मला मनापासून राग येतो.

"मग आवाज का तुटतोय? मीटर तर एक पॉइंट एक दाखवतोय," गट ऑफिसचे क्लार्क म्हणाले. हा आकडा एसडब्ल्यूआरचा, म्हणजे सिग्नल किती परत फिरतो त्याचं माप; १ म्हणजे काहीच परत नाही. तेव्हा १.१ म्हणजे उत्तमच. पण मीटर लावलेला सेटपाशी, आणि अँटेना साठ फुटी मास्टवर. मध्ये तीस मीटर आरजी-५८ केबल, तीही बरेच पावसाळे काढलेली.

मी वर चढून अँटेनाचा कनेक्टर सोडवला. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती. खाली क्लार्कना पॉवर कमी करून क्षणभर बटण दाबायला सांगितलं. केबलचं वरचं टोक मोकळं, अँटेना जोडलेलीच नाही, म्हणजे सगळा सिग्नल परत फिरून आकडा खूप चढायला हवा, तरी मीटर दीडच्या आतच! क्लार्कनी पुन्हा दाबून खात्री केली.

दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास नवी कोरी आरजी-५८ सुद्धा शंभर मीटरला साधारण २० डेसिबल खाते, म्हणजे तीस मीटरला ६. पाणी शिरलं की आणखी. वर जाताना सिग्नल विरतो, टोकाला आपटून परत येताना पुन्हा विरतो. मीटरपर्यंत परतून फारसं काही येतच नाही, त्यामुळं सगळं झकास दिसतं. मग वरच्या टोकाला डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा भार, आणि वॅटमीटर लावला. सेटमधून २५ वॅट निघत होते, वर पोहोचत होते जेमतेम ४. ऐकतानाही तेवढीच घट.

अँटेनाचं कोटेशन बाजूला पडलं आणि त्याच खर्चात एलएमआर-४०० केबल आली. तीस मीटरला दीड डेसिबलची घट. ती वाकवताना जपावं लागतं, कनेक्टरही वेगळे लागतात. प्रत्येक जोडावर रबर टेप घट्ट गुंडाळला आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच गळून जातं.

जुनीच अँटेना जोडली आणि मीटर १.६ वर गेला. अधिकारी दचकले. "अहो, हे तर बिघडलं!"

बिघडलं नव्हतं. अँटेनाची खरी अवस्था आता कुठं मीटरला दिसायला लागली होती. १.६ ला जेमतेम पाच टक्के पॉवर परत फिरते. अँटेनाच्या कागदावर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ छापलेलं असलं, तरी एका वेळी ती चार-पाच मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच नीट जुळते. आमच्या चॅनेलसाठी ती कधी कुणी जुळवलीच नव्हती. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे लांबी बसवली, तसा आकडा १.२ वर आला.

क्लार्कनी केन यार्डला हाक दिली. आवाज इतका स्वच्छ, की पलीकडून आधी शंका, "गाडी घेऊन इकडं आलाय काय?" आणि मग लगेच कामाचा प्रश्न, पहिल्या दिवशी टोळ्या किती लावताय.